नवं आधी जातं

खुटबावात सिंधूबाईला 'दौंडवाली' म्हणायचे. तिचा दौंडशी जन्माचा काही संबंध नव्हता. माहेर वढू बुद्रुकचं. समाधीला येणाऱ्या लोकांना बापाच्या मळ्यातल्या झेंडूच्या माळा विकत ती वाढली आणि सोळाव्या वर्षी खुटबावात हौशीरामाच्या घरात येऊन पडली. पण गेली तेवीस वर्षं दर रविवारी सकाळी ती धुवट लुगडं नेसायची, फडक्यात भाकरी बांधायची आणि स्टेशनावर जाऊन दौंडची गाडी धरायची. तिथल्या चर्चमधे दोन-अडीच तास बसायची आणि दुपारच्या गाडीनं माघारी यायची. ती येशूची झाली होती. गावात दुसरं कुणी झालं नाही. घरातही कुणी नाही.

गावानं तिला वाळीत टाकलं नाही का कधी वाकडं बोललं नाही. लग्नकार्याला बोलावलं, बाळंतपणाला बोलावलं, कांदा काढायला इर्जिकीला बोलावलं. फक्त तिच्या देवाबद्दल तेवीस वर्षांत एका माणसानं एक शब्द विचारला नाही. जेवणावर बसताना ती डोळे मिटायची तेवढा वेळ माणसं घास हातात धरून थांबायची आणि तिनं डोळे उघडले की पावसापाण्याचं बोलायला लागायची. वाईट कुणीच नव्हतं. पण असं तेवीस वर्षं राहून बघावं एखाद्यानं.

नवरा हौशीराम होता तवर निदान चेष्टा तरी होती. तिनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो एवढंच म्हणाला होता की तुला जायचं तिकडं जा, माझ्या देव्हाऱ्याला हात लावायचा न्हाई आन् गड्यांच्या भाकरीला उशीर करायचा न्हाई. तिनं दोन्ही पाळलं. चिखलाच्या दिवसांत तो तिला सायकलवर स्टेशनापर्यंत सोडायचा आणि म्हणायचा, "सांग तुझ्या साहेबाला, कांद्याचं तेवढं बघ म्हणावं." सहा वर्षांखाली तो गेला. मुलगा ईश्वर सरळ माणूस, पण बोलणं कमी. सून सुवर्णा कामाला वाघीण, तिला बोलायला सवड नाही.

आता सिंधूबाई मुळात तिकडं वळली कशी, ते सांगितलं पाहिजे.

लग्नानंतर चार वर्षांनी तिला मुलगी झाली. नाव शेवंता. अकरा महिन्यांची होऊन तापानं गेली. सासूनं हिशेब लावला तो असा, की पोरीसाठी मरीआईला आखाडातला निवद बोलला होता आणि पोरीला घेऊन सिंधू माहेरी बसली म्हणून तो चुकला. देवी तिचं ती घेऊन गेली. तेव्हापासून सिंधूनं मंगळवार धरला. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. आखाडात तर दर मंगळवारी कापण्या तळून, ताट भरून, अनवाणी शिवेवरच्या मरीआईला. हा उपास किती दिवस करायचा हे सासूनं सांगितलं नव्हतं. पुढं सासूही मेली, मग विचारायला कुणी उरलं नाही. असे बावीस वर्षं मंगळवार झाले. मधे ईश्वर झाला, वाढला, शाळेत गेला. देवीचं समाधान झालं का नाही, हे काही कळायला मार्ग नव्हता.

एका मंगळवारी दौंडच्या बाजारात फुलं विकायला बसलेली असताना शेवंतीच्या पाटीवरच तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तिला धरून पायरीवर बसवलं ते एस्तेरबाईनं. रेल्वेतल्या गार्डाची बायको, जन्मानं शिरूरची, तिथल्या मिशनच्या शाळेत शिकलेली, आवाज असा की फलाटावर गाडी थांबावी. ती दर आठवड्याला चर्चसाठी फुलं न्यायची, म्हणून तोंडओळख होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजून किती मंगळवार राहिलेत?" सिंधूबाईला सांगता येईना. तेव्हा एस्तेरबाई म्हणाली, की माझ्याकडं असं नाही. आमच्या देवानं माणसाला फेडायला लावलं नाही, तो स्वतः खाली आला आणि सगळ्यांचं त्यानंच अंगावर घेतलं. आपण फक्त हो म्हणायचं.

सिंधूबाईला ते पटायला दोन वर्षं लागली. इतकं फुकट मिळतं यावर माळ्याच्या बाईचा विश्वास लवकर बसत नाही. पण बसला तेव्हा असा बसला, की आपलं पाप गेलं, आपण मेल्यावर त्याच्याकडं जाणार, याबद्दल तिला कधी शंका आली नाही. सूर्य उगवतो तसं ते. घरात एकटी, गावात एकटी, पण ती एक गोष्ट पक्की, तिच्यावर तिनं तेवीस वर्षं काढली.

गेल्या उन्हाळ्यात ती दौंडऐवजी कडेठाणला उतरली. फलाटावर बसून राहिली. कुठं जायचंय तेच कळेना. कुणीतरी तिच्या पिशवीतल्या फोनवरून ईश्वरला लावला. मग चहात मीठ पडलं, दूध उतू जाऊन चूल विझली, सुवर्णाला दोनदा 'सासूबाई' म्हणून हाक मारली. ईश्वरनं पुण्याला नेऊन मोठ्या डॉक्टरला दाखवलं. डोक्याचे फोटो काढले. डॉक्टरनं ईश्वरशी बराच वेळ बोलून घेतलं. निघताना सिंधूबाईनं स्वतःच विचारलं की समदं जाईल का. डॉक्टर चांगला होता, खोटं बोलला नाही. हळूहळू जातं, म्हणाला. नवं आधी जातं. जुनं राहतं बराच काळ.

ईश्वरला त्यात धीर वाटला. म्हणाला, "बघ आये, जुनं राहतंय म्हणं."

सिंधूबाई गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली. तिला ते वाक्य वेगळं लागलं होतं. जुनं म्हणजे काय राहणार? सासू राहणार. मरीआई राहणार. शेवंताचा ताप राहणार आणि ती चूक राहणार. नवं म्हणजे काय जाणार? वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी जे मिळालं ते. तिच्या हिशेबानं येशू नव्यात येत होता. तो आधी जाणार. आणि मरताना ती कोण असणार, तर मंगळवारची उपाशी बाई, जिला कुणी काही सांगितलेलंच नाही. मग तारण कुणाचं होणार?

हे कुणाला सांगावं? ईश्वरला सांगून त्याला कळलं नसतं. सुवर्णाला सांगितलं तर ती म्हणाली असती, आत्या, आधी गोळी घ्या.

तिनं तिच्या परीनं तजवीज सुरू केली. दिवसभर मनात नाव घ्यायचं. कनवटीला लावलेली पुरचुंडी आहे का ते बाई जशी वरचेवर चाचपते, तशी ती चाचपायची. भांडी घासताना, निवडताना, परसात जाऊन येताना. आहे. अजून आहे. झोपेत जाईल म्हणून झोप लागेना. तिला लिहितावाचता येत नव्हतं, नाहीतर भिंतीवर लिहून ठेवलं असतं. मग तिला सुचलं ते बायकांना सुचतं तेच. गोंदून घ्यावं.

तिच्या डाव्या हातावर हौशीरामाचं नाव होतं, उजव्यावर तुळस आणि देवीची पावलं, सगळं लग्नाच्या वेळचं, गोंदारणीनं सुईनं टोचलेलं. केडगावच्या बाजारात आता मशीनवाला बसतो. त्याच्यापुढं तिनं उजवा हात धरला आणि देवीच्या पावलांखाली क्रूस काढायला सांगितला. पोरगा म्हणाला, नाव पण काढतो की आजी. ती म्हणाली, नाव मला वाचता येत न्हाई.

शेजारच्या गिताबाईनं तो बघितला आणि तिला हसू आवरेना. "हे काय गं काढलं? दवाखान्याच्या गाडीवरचं?"

सिंधूबाई पण हसली. तिला बरं वाटत होतं. मांस गळून पडेल पण गोंदण जात नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

आखाडातला दुसरा मंगळवार. त्या दिवशी काय काय झालं ते तिला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं. सकाळपासून ती काही खात नव्हती. सुवर्णा रानात गेल्यावर तिनं कणीक मळली, गूळ किसला, कापण्या तळल्या. एकही करपली नाही. चहात मीठ टाकणाऱ्या बाईचे हात कापण्यांना चुकले नाहीत. मग ताट भरून, वर फडकं टाकून, अनवाणी ती शिवेकडं चालू लागली. वाटेवर बायका होत्याच. त्यांनी तिला पुढं घातली.

तिला जाग आली, जाग म्हणू या, ती देवळाच्या दगडावर. गिताबाई तिच्या कपाळाला कुंकू लावत होती आणि बाकीच्या बायकांना सांगत होती, "बघा, तेवीस वरसांनी का व्हईना, वढून आणली का न्हाई आईनं."

बायका खुशीत होत्या. त्यात दुष्टावा नव्हता. घरचं माणूस परगावाहून आल्यावर व्हावा तसा तो आनंद होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्या तिच्याभोवती जमल्या होत्या. सिंधूबाईनं खाली बघितलं. ताट तिच्याच हातात होतं, उजव्या हातात, आणि ताटाखाली मनगटाजवळ तो हिरवा क्रूस होता. ज्या हातानं धरून ठेवायचं म्हणून गोंदलं त्याच हातानं ती इथवर निवद घेऊन आली होती.

तिनं ताट खाली ठेवलं आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडली. कपाळ पुसायचंही तिला सुचलं नाही. सुवर्णा रानातनं आली तेव्हा तिनं पाहिलं आणि पदर ओला करून पुसून काढलं. का रडताय, हे तिनं तीनदा विचारलं. चौथ्यांदा सिंधूबाई म्हणाली, "मला रविवारी दौंडला न्हे."

सुवर्णा पहिल्यांदाच तिकडं गेली. गाडीच्या गर्दीत उभं राहून, सासूचा दंड घट्ट धरून. चर्चमधे ती मागच्या बाकावर बसली, चपला बाहेर काढायच्या का नाही याच घोरात. उपासना सुटल्यावर सिंधूबाईनं सत्यजीत सरांना गाठून सगळं आपणहून सांगितलं. पाळकसाहेब त्या आठवड्यात परगावी होते, आणि सत्यजीत सर चर्चच्या कारभारी मंडळीतले वडील, रेल्वेतनं रिटायर झालेले, नेमाचा माणूस. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. गोंदण त्यांना पसंत पडलं नाही. देवळाचं तर नाहीच. आजार आहे हे त्यांना कळत होतं, त्यांचा आवाज चढला नाही. पण ते म्हणाले, की सिंधूबाई, शेवटपर्यंत धरून राहायला पाहिजे. मन घट्ट करा. आणि या महिन्यात प्रभूच्या मेजावर भाकरी-द्राक्षरस घ्यायला येऊ नका, आधी मन तपासा.

धरून राहायला पाहिजे. तिला तेच तर येईनासं झालं होतं.

स्टेशनाकडं जायच्या ऐवजी ती मधेच थांबली आणि एस्तेरबाईकडं जायचंय म्हणाली. घर आठवत नव्हतं, पण एस्तेरबाईला त्या भागात कोण ओळखत नाही. म्हातारी आता पंच्याऐंशीला टेकलेली. कमरेखाली जीव नाही, दोन वर्षं खाटेवर. आवाज तेवढा शिल्लक. सुवर्णाला तिनं खुर्ची दाखवली, सिंधूबाईला खाटेवर आपल्या पायांपाशी बसवलं. सिंधूबाईनं कापण्यांपासून सरांपर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरचं वाक्य सांगितलं. मग जे तिनं कुणालाच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"बाई, मी त्याला इसरले तर मी त्याची ऱ्हाते का?"

खिडकीबाहेर मालगाडी चालली होती, तिचे डबे संपेपर्यंत एस्तेरबाई थांबली.

"तुझी ती पोर गेली, ती केवढी होती?"

"आकरा म्हयन्यांची."

"तिला तुझं नाव येत होतं?"

"न्हाई. बोलत कुठं व्हती अजून."

"तुला ओळखत होती?"

"ताप चढला तवा न्हाई. शेवटचे दोन दीस न्हाईच. माझ्याकडं बघायची आन् परकं माणूस बघितल्यावानी रडायची."

"मग त्या दोन दिवसांत ती तुझी नव्हती का?"

सिंधूबाईचा हात खाटेच्या पट्टीवर होता. तो तिथंच राहिला. ती म्हणाली, "माझीच व्हती."

"का? तिनं तर तुला सोडलं होतं."

"तिनं सोडून काय व्हतंय. मांडीवर मी घेतली व्हती."

"झालं तर," एस्तेरबाई म्हणाली. "तुझ्या तोंडूनच ऐकायचं होतं मला. तू त्याला धरलंयस म्हणून तू वाचलीस असं तुला कुणी सांगितलं? मी तर नव्हतं सांगितलं. त्यानं घेतलंय तुला. एकदा घेतलं की तो खाली ठेवत नाही, तू ओळख नाहीतर परकं समजून रड. उद्या तू मरीआईपुढं जाशील, परवा माझ्या तोंडावर थुंकशील, ते तो बघून घेईल. ताप कुणाला आलाय ते त्याला कळतं."

"आन् सर म्हणले ते?"

"सत्याला मी शेंबूड पुसत होते तेव्हापासून ओळखते. चांगला पोरगा आहे. त्याला अजून ताप आलेला नाही." मग तिनं उशीखालनं बिस्किटाचा पुडा काढला आणि दोघींपुढं धरला. सुवर्णानं दोन घेतली. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. पाटस गेलं. सिंधूबाई सुवर्णाला म्हणाली, "मी परत उपास धरायला लागले तर मला सांगशील का?"

"काय सांगू?"

"समदं झालंय म्हण. तुमचं काय ऱ्हायलं न्हाई म्हण."

"आन् तुमी ऐकणार हायसा व्हय?"

"न्हाई ऐकणार," सिंधूबाई म्हणाली. मग खिडकीकडं वळून, "तू इसरलीस तरी चालंल. कामात असतीस."

सुवर्णानं तिच्याकडं बघितलं. ती बाहेर बघत होती. उसाचे फड, पोल्ट्रीचे पत्रे, कुणाचं तरी नवं शेततळं. कडेठाण मागं पडलं तेव्हा सिंधूबाईच्या ध्यानात आलं, की एस्तेरबाईच्या घरून निघाल्यापासून आपण मनात नाव चाचपून बघितलंच नाही. तिनं हात कनवटीकडं न्यावा तसं मन तिकडं न्यायला घेतलं आणि तसंच सोडून दिलं. केडगाव यायच्या आत तिचा डोळा लागला. तोंड उघडं, मान कलती. डॉक्टरकडून आल्यापासून ती अशी झोपली नव्हती. खुटबावला सुवर्णानं तिला दोनदा हलवली तेव्हा कुठं उठली.

पुढचं वर्ष जसं जायचं तसंच गेलं. नवं आधी गेलं. दौंड गेलं, एस्तेरबाई गेली, आणि ती खरंच वारली त्या दिवशी सिंधूबाईला सांगितलं तर कोण म्हणून विचारती झाली. ईश्वर 'मालक' झाला. गोंदणाकडं बघून ती एकदा म्हणाली, हे कुणी वरबडलं. मंगळवार तेवढा राहिला. कॅलेंडर न बघता तिला मंगळवार कळायचा. त्या दिवशी ती ताट बाजूला सारायची आणि पोरीचं काहीतरी पुटपुटायची. सुवर्णा सांगायची, की आत्या, समदं झालंय, तुमचं काय ऱ्हायलं न्हाई, जेवा. कधी जेवायची. बऱ्याच वेळा नाही. मग सुवर्णा ताट झाकून ठेवायची आणि कामाला लागायची.

अशाच एका मंगळवारी दुपारी सिंधूबाई दारात बसली होती, उपाशी. गिताबाई ताक मागायला आली आणि उंबऱ्यावर टेकली. सुवर्णा लसूण सोलत होती. गिताबाई बराच वेळ म्हातारीकडं बघत राहिली. मग म्हणाली की बघ सुवर्णा, एवढी वर्षं दौंड-दौंड केलं, आन् शेवटी आमच्यातच आली का न्हाई. मेल्यावर नेमकी जाईल तरी कुणाकडं म्हणायची?

सुवर्णा लसणावरनं मान वर न काढता बोलली.

"काकू, मला त्यातलं काय बी कळत न्हाई. मी कुठं जाते तिकडं. पर दौंडच्या म्हातारीपाशी मी खुर्चीवर बसले व्हते, माझ्या कानानं ऐकलंय. ती त्याला इसरली हाय, तो तिला इसरलेला न्हाई. ती त्याच्याकडंच जाणार. तिच्या इसरण्यानं त्याच्यात काय बदल व्हईत न्हाई."

"तुला लई म्हाईत," गिताबाई म्हणाली आणि ताकाचं भांडं घेऊन उठली.

सिंधूबाई दारात बसून दोघींचं ऐकत होती. त्या कुणाबद्दल बोलतायत हे तिला उमगलं नाही. कुणीतरी बाई होती, कुणालातरी विसरली होती, आणि तो मात्र तिला विसरला नव्हता. उन्हं अंगणातनं भिंतीवर चढली होती. जी कोण असेल ती, तिनं मनाशी म्हटलं, बाईचं बरं झालं.